मशीन तिचं, वायर कुणाची?

गेल्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एका मैत्रिणीला शिलाई मशीनचा शॉक बसला. जीव वाचला, उजव्या हाताची दोन बोटं भाजली. पंधरा दिवस काम बंद, म्हणजे पंधरा दिवसांची मजुरीही बंद. आम्ही तिघीजणी तिला भेटायला गेलो तेव्हा तिच्या सासूबाई म्हणाल्या, "अहो, ते नेहमीच मारायचं. मी हिला सांगितलं होतं, चप्पल घालून बसत जा." शेजारची म्हणाली, आमचंही मारतं, पण फक्त पावसाळ्यात. तिसरी म्हणाली, आमचं मशीन चांगलं आहे, नुसत्या झिणझिण्या येतात.

घरी परतताना माझ्या मनात तेच वाक्य घोळत होतं. "ते नेहमीच मारायचं." नवरा मारतो का, हे विचारायला आपण इतक्या वर्षांच्या कामातून शिकलो. बाई "पडले" म्हणाली तरी आपण खोदून विचारतो. आणि इथे तीन बायका सरळ सांगत होत्या की मशीन मारतं, आणि आम्ही तिघी कार्यकर्त्या चहा पीत मान डोलावत होतो. भिंतीकडे, वायरकडे, प्लगकडे एकीनेही वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी एका तारतंत्री मुलाला घेऊन परत गेले. (वायरमनला आयटीआयच्या कागदावर 'तारतंत्री' म्हणतात. शब्द चांगला आहे, वापरायला हवा.) त्याने दाखवलं ते असं. दहा बाय बाराची खोली. मीटरवरून आलेली एकच लाइन. तिच्यावरच ट्यूब, पंखा, टीव्ही, फ्रिज, मिक्सर आणि अर्ध्या अश्वशक्तीची मोटर लावलेलं शिलाई मशीन. मशीनची वायर म्हणजे दोन पिळलेल्या बारीक तारा, तिला प्लगच नव्हता. तारांची उघडी टोकं बोर्डाच्या भोकांत घालून काड्यापेटीच्या काड्यांनी घट्ट केलेली. वरचं तिसरं, मोठं भोक रिकामं. आणि ते रिकामं नसतं तरी उपयोग नव्हता, कारण बोर्डाच्या मागे त्या भोकाला तारच जोडलेली नव्हती.

हे मशीन तिच्याकडे आलं कसं? आमच्याच बचतगटाच्या कर्जातून. दोन वर्षांपूर्वी कार्यक्रम झाला होता, नारळ फुटला होता, मशीनला हार घातला होता, फोटोही निघाला होता. मी भाषणात म्हणाले होते की, आजपासून ती स्वतःच्या पायावर उभी आहे. ते पाय ओल्या फरशीवर होते, हे मला तेव्हा सुचलं नव्हतं. कर्जाच्या कागदात मशीनची किंमत होती, मोटरची होती, टेबलाची होती. वायरिंगची ओळ नव्हती. ती आमच्याही डोक्यात नव्हती.

हा प्रश्न आमच्या एका वस्तीपुरता नाही. जिल्हा परिषदांच्या महिला व बालकल्याण योजनांतून शिलाई मशीन, पिठाची गिरणी, मिरची कांडप यंत्र अशी यंत्रं बायकांना अनुदानावर दिली जातात. बचतगट कर्ज देतात, संस्था देणग्या गोळा करून मशीन देतात. यंत्र घरात येतं आणि जिथे मोबाईल चार्ज होतो त्याच भोकात जातं. यंत्र देणारा, घेणारी, फोटो काढणारा, सगळे खूश. यंत्रामागची तार कुणाच्याच हिशेबात नसते.

आता थोडं तांत्रिक बोलावं लागेल. कंटाळू नका, कारण "हे आपल्याला काय कळतंय" या एका वाक्यावरच हा सगळा कारभार चालू आहे.

विजेची दोन तारांतून ये-जा होते. एकीतून येते, दुसरीतून परत जाते. तिसरी तार, म्हणजे अर्थिंग, रोजच्या कामाची नव्हे. मोटरच्या आत तारेचं वेष्टण झिजलं आणि वीज मशीनच्या लोखंडी अंगात उतरली, तर तिला जमिनीत जायला सोपी वाट असावी म्हणून ती असते. ही वाट नसेल तर वीज मशीनच्या अंगातच थांबते आणि वाट पाहते. मग कुणीतरी हात लावतं. तिचे पाय कोरड्या लाकडावर असतील तर झिणझिण्या येतात, ओल्या फरशीवर किंवा सारवलेल्या जमिनीवर असतील तर वाट तिच्या अंगातून जाते. पावसाळ्यात मशीन "जास्त मारतं" ते यामुळे. तीन पिनांच्या प्लगमधली वरची पिन जाड आणि लांब असते तीही याचसाठी, की प्लग घालताना ती सर्वांत आधी लागावी आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावी. बनवणाऱ्याने एवढा विचार केलेला असतो. आपण ती पिन कापतो किंवा प्लगच फेकून देतो, कारण बोर्डाचं भोक लहान असतं.

"पण फ्यूज आहे की!" हे दुसरं उत्तर हमखास ऐकू येतं. इथे आपली सगळ्यांचीच मोठी फसगत झालेली आहे. फ्यूज तारेला वाचवतो, बाईला नाही. पाच अँपिअरचा फ्यूज जायला पाच अँपिअरहून जास्त प्रवाह लागतो. पाच अँपिअर म्हणजे पाच हजार मिलिअँपिअर. आणि माणसाच्या छातीतून पन्नास ते शंभर मिलिअँपिअर गेले तरी हृदयाचा ठेका बिघडून मरण येऊ शकतं. फ्यूजला पत्ताही लागत नाही. नव्या पद्धतीचे खटके, ज्यांना एमसीबी म्हणतात, त्यांचंही तसंच.

मरणाच्या बरंच आधी आणखी एक टप्पा असतो. हाताचे स्नायू आखडतात आणि पकडलेली वस्तू सोडता येत नाही. "चिकटली" म्हणतो आपण. अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात चार्ल्स डॅलझिएल नावाच्या प्राध्यापकांनी १९४० च्या दशकात स्वयंसेवकांवर याचे प्रयोग केले. पुरुषांना सरासरी १६ मिलिअँपिअरपर्यंत हात सोडवता येत होता, बायकांना सरासरी साडेदहापर्यंत. म्हणजे ज्या धक्क्यात पुरुष हात झटकून शिवी हासडेल, त्याच धक्क्यात बाई चिकटून राहील. प्रयोगात पुरुष १३४ होते आणि बायका २८. मोजताना आपण नेहमीच कमी असतो, तरी निदान इथे मोजलं गेलं. याच डॅलझिएल यांनी पुढे १९६१ मध्ये असं उपकरण तयार केलं, की थोडीशी वीज भलत्या वाटेने जाऊ लागली तरी क्षणात पुरवठा तोडायचा.

आपल्याकडे त्या जातीच्या उपकरणाला ईएलसीबी म्हणतात, दुकानात आरसीसीबी मागितलं तरी तेच मिळतं. आलेली वीज आणि परत गेलेली वीज सारखी आहे का, एवढंच ते सतत पाहत असतं. घरासाठीच्या खटक्यात ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की तो खाली पडतो, सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत. त्यावर एक छोटं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबून खटका पडतो की नाही बघायचं. तो अर्थिंगला पर्याय नाही. दोन्ही तारा दोन हातांत धरल्या तर तो वाचवणारही नाही. पण घरात बाईच्या जिवासाठी बसवलेली अशी ती एकच वस्तू आहे. बाकी सगळं तारेसाठी आणि यंत्रासाठी.

या उपकरणाचा इतिहास वाचताना एक गोष्ट समोर आली, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. अमेरिकेत घराला लागून मोटारीचं गॅरेज असतं आणि त्यात घरधन्याची करवत, ड्रिल, पॉलिशचं यंत्र अशी हत्यारं असतात. सुट्टीच्या दिवशी तो तिथे खाटखूट करतो. तिथल्या राष्ट्रीय वीज संहितेने गॅरेजमधल्या प्लगला हे संरक्षण १९७८ मध्ये सक्तीचं केलं. स्वयंपाकघरात, सिंकजवळच्या प्लगला सक्तीचं झालं १९८७ मध्ये. नऊ वर्षांनी. पाणी कुठे जास्त असतं, ओले हात कुणाचे असतात, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. यामागे कुणाचा दुष्ट हेतू होता असं मी म्हणत नाही. कुणाच्या कामाला 'काम' म्हणून आधी पाहिलं जातं, एवढंच यातून दिसतं. आणि आपल्याकडे तर बाईचं गॅरेज आणि स्वयंपाकघर एकाच दहा बाय बारात असतं. मशीनच्या टेबलाखाली पाण्याचा हंडा असतो.

आता भाराविषयी. अर्ध्या अश्वशक्तीची मोटर ३७३ वॅटची. चालू असताना ती दोन-तीन अँपिअर घेते, सुरू होताना क्षणभर त्याच्या कित्येक पट. हजार वॅटची इस्त्री सव्वाचार अँपिअर. मिक्सर तीनेक. शिवण आणि इस्त्री एका वेळी, त्यात फ्रिज सुरू झाला, सासूबाईंनी चटणी वाटायला घेतली, की दिव्या-पंख्यासाठी ओढलेली बारीक तार तापू लागते. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. मग फ्यूज जातो. तो जातो म्हणजे आपलं काम करतो, सांगतो की तार सोसत नाही. आणि आपण काय करतो? त्यात जाड तार घालतो, तीन-चार पदर पिळून. फ्यूज जायचा थांबला म्हणून हुश्श करतो. आता जळेल ती भिंतीतली तार. दोन अश्वशक्तीचं मिरची कांडप मशीन असेल तर गोष्ट आणखी पुढची. ते एकटंच दहाएक अँपिअर घेतं. त्याला मीटरजवळच्या मुख्य बोर्डापासून स्वतंत्र लाइन, अडीच चौरस मिलिमीटरची आणि अंतर लांब असेल तर चारची तांब्याची तार, सोळा अँपिअरचा प्लग आणि स्वतःचा खटका हवाच. शिलाई मशीन आणि इस्त्रीसाठीही वेगळी लाइन ओढून घ्यावी, दिव्यांच्या लाइनीतून फांदी काढू नये.

इथपर्यंत कुणी म्हणेल की हा अज्ञानाचा प्रश्न आहे, माहिती दिली की सुटेल. मला तसं वाटत नाही. दुसरी एक मैत्रीण आहे. तिची रोजची तक्रार अशी की नवरा कामावर जाताना बोर्डातला फ्यूज काढून खिशात घालून नेतो. "बिल वाढतं" म्हणून. तो संध्याकाळी येईपर्यंत मशीन बंद, पंखा बंद. त्याच्या मनात असेल त्या दिवशी फ्यूज राहतो, भांडण झालं असेल त्या दिवशी जातो. मशीन तिच्या नावावर आहे, कर्जाचा हप्ता ती भरते, गटात तिचं नाव उद्योजिका म्हणून घेतलं जातं. आणि तिचा सगळा उद्योग चिनी मातीच्या एका तुकड्यावर चालतो, तोही नवऱ्याच्या खिशात. कौटुंबिक हिंसाचारविरोधी २००५ च्या कायद्यात आर्थिक छळाची व्याख्या आहे. बाईला ज्या सोयी वापरायचा हक्क आहे त्या अडवणंही त्यात येतं. खिशातला फ्यूज त्यात बसतो, असं माझं मत आहे. वकील मैत्रिणींनी यावर लिहावं. तिने मात्र वकिलाची वाट पाहिली नाही. बाजारातून तसाच दुसरा किटकॅट फ्यूज आणला आणि डाळीच्या डब्यात ठेवला. मुख्य स्विच बंद करून तो कसा बसवायचा हे तिला तारतंत्री मुलाने दाखवलं. आम्ही नव्हे.

मीटर कुणाच्या नावावर, हा त्यापुढचा प्रश्न. १९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला, जमीन बाईच्या नावावर करा म्हणून. घराच्या उताऱ्यावर दोघांची नावं असावीत, ही मागणीही आपण सगळ्यांनी लावून धरली. विजेचं मीटर मात्र कुणाच्या आठवणीत राहिलं नाही. ते सासऱ्याच्या नावावर असतं, दिराच्या असतं, घरमालकाच्या असतं. भार वाढवायचा असो, लाइन बदलायची असो, अर्थिंगचा खड्डा खणायचा असो, त्याला विचारावं लागतं. खरं तर २००३ च्या वीज कायद्याच्या ४३व्या कलमात वीजजोडणीसाठी अर्ज करायचा अधिकार जागेच्या मालकाला किंवा भोगवटादाराला दिलेला आहे. भोगवटादार म्हणजे तिथे राहणारी. माहेरी परत आलेली, नवऱ्याने टाकलेली, भाड्याने राहणारी बाई यात बसते. हे आपल्या सल्ला केंद्रांच्या भिंतीवर लिहिलेलं असायला हवं.

आणि भीती. "वायरमन बोलावला तर तो ऑफिसात सांगेल, मग कमर्शियल मीटर लावतील." या भीतीने बायका मशीनवर चादर टाकतात आणि वायर कपाटामागे लपवतात. भीती निराधार नाही. ज्या कामासाठी वीज मंजूर आहे ते सोडून दुसऱ्या कामासाठी वापरली तर वीज कायद्याचं कलम १२६ दुप्पट दराने आकारणी करू देतं. पण दुसरी बाजू कुणी सांगत नाही. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या महावितरणसाठीच्या २०१६ आणि २०२० च्या दरआदेशांत घराच्या काही भागात व्यवसाय करणाऱ्यांना घरगुती दरच लावलेला आहे. अट अशी की वापर महिन्याला ३०० युनिटपर्यंत आणि आधीच्या आर्थिक वर्षात ३६०० युनिटपर्यंत असावा. अर्ध्या अश्वशक्तीचं मशीन रोज आठ तास चाललं तरी तीन-साडेतीन युनिट जातात. महिन्याचे ऐंशी-नव्वद, इस्त्रीचे पंचवीसेक, घरचे आणखी ऐंशी-शंभर धरा. तीनशेच्या आत बसतं. दरआदेश बदलत असतात, तेव्हा नवा आदेश आला की हे कलम त्यात कसं लिहिलं आहे ते गटाने मागवून वाचावं. ज्या वाक्याने शेकडो बायकांची भीती जाईल ते वाक्य सरकारी कागदात पडून राहतं आणि बाई वायर लपवत राहते.

ज्यांचं काम या वायरीवर चालतं, त्यांचं नाव अजून आलेलंच नाही. कापड कापून देणारा व्यापारी नगामागे पैसे देतो. जागा बाईची, वीज बाईची, इस्त्री बाईची. त्याने कारखाना काढला असता तर वायरिंग त्याला करावं लागलं असतं, अर्थिंग करावं लागलं असतं, निरीक्षक आला असता. १९४८ च्या कारखाना कायद्यात वीज वापरून दहा कामगार असले की कारखाना धरत. २०२० च्या संहितेने तो आकडा वीस केला. आपल्या खोलीत कामगार एकच असते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ मध्ये घरकामगारांविषयीचा १७७ क्रमांकाचा करार केला. घरकामगार म्हणजे इथे घरी बसून मजुरीने माल बनवणाऱ्या. त्यात कामाच्या जागेची सुरक्षितता आणि आरोग्य याबाबत इतर कामगारांसारखीच वागणूक द्यावी असं म्हटलं आहे. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. यंत्रमागाच्या गावांत कांड्या भरणाऱ्या असोत की शहरातल्या वस्तीत गाऊन शिवणाऱ्या, मालकाने कारखान्याची भिंत आपल्या घरात सरकवली आणि भिंतीतली तार मात्र आणली नाही.

बाई शॉक लागून गेली तर नोंद होते "घरगुती अपघात". राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अपघाती मृत्यूंच्या अहवालात विजेच्या धक्क्याने गेलेल्यांचा रकाना असतो, स्त्रिया आणि पुरुष वेगळे मोजलेले असतात. पण ती तेव्हा मजुरीचं काम करत होती की भात लावत होती, हे त्यातून कळत नाही. मागणी करायला आकडा लागतो आणि आकडा मिळायला आधी तिला कामगार म्हणावं लागतं.

मागच्या महिन्यात मी हा विषय आमच्या जिल्ह्याच्या समन्वय बैठकीत काढला तेव्हा एका ज्येष्ठ मैत्रिणीने आक्षेप घेतला. तिचं म्हणणं, आपण मजुरीचा दर, हिंसा, रेशन यांवर लढायचं की प्लग-पिनांवर? हे तांत्रिक काम आहे, इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि पुढे चला. तिचा मला आदर आहे, आणि आपली माणसं थोडी, वेळ थोडा, हेही खरं. पण "तांत्रिक" म्हणून बाजूला ठेवलेली गोष्ट नेहमी पुरुषाच्या हातात जाऊन बसते. पंपाचंही असंच म्हणत असत. उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात १९९० च्या दशकात महिला समाख्याच्या कामातून गावच्या बायका हातपंप दुरुस्त करायला शिकल्या, तेव्हा पाणी तर आलंच, पण मिस्त्री कधी येईल म्हणून वाट पाहत बसणं संपलं. आपल्याकडे पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. त्यांच्या शाळांतल्या कार्यक्रमात मुली मुलांच्या बरोबरीने वायरिंग आणि वेल्डिंग शिकतात. महावितरणमध्ये मुली तंत्रज्ञ म्हणून भरती होऊन खांबांवर चढतात. आणि आपण बचतगटाच्या प्रशिक्षणात अजून मेणबत्त्याच शिकवतो.

सगळं स्वतःच करायचं असं मी म्हणत नाही. नवी लाइन ओढणं, अर्थिंग करणं ही परवानाधारकाचीच कामं, आणि कायद्याने ते तसं ठेवलं आहे हे बरंच आहे. पण बल्ब, फ्यूज, स्विच जसाच्या तसा बदलायला त्याच नियमांनी सूट दिलेली आहे. तेवढं प्रत्येकीला यायलाच हवं. आणि परवानाधारक आला तर त्याला काय विचारायचं हेही. अर्थिंग दाखव, कुठे जोडलंयस? तार किती चौरस मिलिमीटरची घातलीस? नुसतं "झालं ताई" ऐकून पैसे देऊ नयेत.

आमच्या गटाने ठरवलं आहे की यापुढे मशीनच्या कर्जाचा अर्ज वायरिंगच्या अंदाजपत्रकाशिवाय पुढे पाठवायचा नाही. बँकेच्या फॉर्ममध्ये त्याला रकाना नाही. 'इतर' असं जिथे लिहिलं आहे तिथे आम्ही ते लिहितो. एकदा अर्ज परत आला, पुन्हा तसाच पाठवला. बायकांचाही विरोध आहे. हप्ता वाढतो, आणि वाढलेल्या पैशाचं काही दिसत नाही, भिंतीत जातं. हा विरोध मला समजतो. म्हणून माझं म्हणणं असं की योजनेतून यंत्र देणाऱ्या प्रत्येक खात्याने आणि काम देणाऱ्या व्यापाऱ्याने हा खर्च उचलला पाहिजे, आणि तोवर गटाने तो बिनव्याजी द्यावा. यावर आमच्यात अजून भांडण चालू आहे.

ज्या मैत्रिणीपासून हे सुरू झालं तिची मोटर दुरुस्त करून आणली. तिसरी तार असलेली नवी वायर आणि तीन पिनांचा प्लग लावला. अर्थिंगचा खड्डा मात्र झालेला नाही. खोली भाड्याची आहे, खड्ड्याला घरामागची थोडी जागा लागते आणि घरमालक "विचार करतो" म्हणाला त्याला आता बरेच दिवस झाले. तोवर मशीन बंद ठेवावं असं मी म्हणत होते. ती म्हणाली, दिवाळीचं काम हातचं कसं सोडू? शेवटी ईएलसीबी तेवढा बसवून घेतला. आठवड्याने एका दुपारी तो पडला. घरात सगळे घाबरले, पुन्हा मशीनच मारतंय म्हणाले. तारतंत्री मुलाने येऊन एकेक वस्तू काढून पाहिली. या वेळी मशीन नव्हतं. इस्त्रीची वायर मुठीजवळ झिजलेली निघाली, आणि खटका पडला तेव्हा इस्त्री तिच्या सासूबाईंच्या हातात होती.